इंजिन ऐकणारे मिस्त्री

"वहिनी, दोन मिनिटं चक्की बंद करा ना."

दाराच्या जाळीपाशी आधी दोन काळीकुट्ट बोटं वर यायची आणि मागून हे वाक्य. धायरीत माझी पिठाची गिरणी आहे, आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्रींचं गॅरेज होतं. आम्ही गिरणी म्हणतो; ते अमरावतीकडचे, वीस वर्षं इथे काढूनही चक्कीच म्हणायचे. माझ्यापुढे डब्यांची रांग, गहू अर्धे दळलेले, आणि यांना इंजिन ऐकायचंय! "अहो मिस्त्री, लोक पीठ न्यायला आलेत, तुमची मैफल ऐकायला नाही," असं मी फणकारायचे आणि बटण बंद करायचे. का, ते मला विचारू नका. घरात तान्हं मूल निजल्यासारखं हळू आवाजात ते मागायचे, मग नाही कसं म्हणणार?

त्यांच्याकडे यायच्या त्या सगळ्या जुन्या, आलिशान, परदेशी गाड्या. असे हौशी मालक तुमच्याही सोसायटीत असतील. दुसऱ्याने बारा वर्षं वापरलेली गाडी घ्यायची, वर्षभर मिरवायची, आणि पार्किंगमध्ये तेलाचे डाग दिसले, गाडी आचके द्यायला लागली, की गुपचूप धायरीचा रस्ता धरायचा.

गिरणी थांबली की मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "काहून कण्हून राहिली गं बाई?" हे गाडीला. मग सहा सिलिंडरच्या वायरी एकेक करून काढायच्या. धडधाकट सिलिंडरची वायर काढली की इंजिनाचा आवाज पडतो. आवाज तसाच राहिला, तर तोच आधीपासून बंद आहे असं समजायचं. "पाहा वहिनी, तीन नंबरचा उपाशी आहे. पाच जण जेवून राहिले, हा नुसता पंगतीत बसलाय." कॉम्प्युटर लावून दोष सांगणारं मशीन मात्र त्यांनी घेतलं नाही. म्हणायचे, मशीन आकडा सांगते, दुखणं सांगत नाही.

तेल कुठून गळतंय ते शोधायला त्यांना माझं पीठ लागायचं. इंजिन पुसून कोरडं करायचं, त्यावर गिरणीतलं उडालेलं बारीक पीठ भुरभुरायचं आणि गाडी सुरू करायची. जिथे पीठ ओलं होतं, तिथून गळती. एकदा एक टाय लावलेले गृहस्थ बॉनेटखाली डोकावले आणि किंचाळलेच, "हे काय? माझ्या गाडीला पीठ फासलंत?"

"ज्वारीचं आहे," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "गव्हाचं चिकट होते."

मला कुठलं राहवतंय! मी आतून म्हटलं, "थांबा जरा, भाकरी पण थापून देते." दहा मिनिटांत वरच्या झाकणाच्या कोपऱ्यातून एक तपकिरी रेघ उतरली आणि साहेब स्वतःच वाकून बघायला लागले.

दुपारचा डबा मिस्त्री गाडीकडे तोंड करून एकटेच खायचे. बायको गेलेली, मुलगी अमरावतीला सासरी. आमचे हे गेल्यालाही सहा वर्षं झाली. गिरणी बंद करून वर घरी गेलं की मला तरी कोण आहे? पण हे आम्ही एकमेकांना कधी सांगितलं नाही. वीस वर्षं आम्ही नुसते एकमेकांवर खेकसलो.

मग तो गुरुवार आला. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्यामुळे गिरणी सकाळपासून ठप्प होती. मी दोन बायकांशी गप्पा मारत बसले होते. जाळीपाशी बोटं आली. "वहिनी, दोन मिनिटं चक्की बंद करा ना."

आम्ही तिघी खो खो हसलो. "अहो, गुरुवार आहे! बंदच आहे की!" मी ओरडले. मिस्त्रींनी मान वर करून गिरणीच्या पट्ट्याकडे पाहिलं. पट्टा हलत नव्हता. बराच वेळ ते तिकडेच बघत राहिले, मग शेडकडे वळले. मला वाटलं, थट्टा केली त्यांनी. हसल्याचं अजून मनाला लागतं.

पुढच्या महिन्यात त्यांनी दुरुस्त करून दिलेली एक काळी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून परत आली. मिस्त्रींनी चार नंबरचा दोष काढला होता, आणि ती पुन्हा आचके देत रस्त्यात बंद पडली. मालक भला माणूस. म्हणाले, "असू द्या मिस्त्री, उद्या दुसरीकडे नेतो." मिस्त्री पायरीवर बसून राहिले. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला.

पंधरा डबे रांगेत होते. मी गिरणी बंद केली आणि शेडमध्ये गेले. त्यांच्या कानाशी ओरडले, "काढा एकेक वायर. मी ऐकते."

"तुम्ही?"

"तीस वर्षं गिरणीचे दगड ऐकतेय. जोंधळ्यात खडा आला तरी कळतो मला."

पहिली वायर काढली, आवाज पडला, मी हात वर केला. दुसरी काढली. आवाज जसाच्या तसा. मी हात खालीच ठेवला. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा काढली. माझा हात खालीच. मग उघडून पाहिलं, तर दोन नंबरच्या प्लगची खोबण तेलाने तुडुंब. झाकणाचं रबर आतल्या अंगाने गळत होतं, बाहेरच्या पिठाला कसं कळणार? संध्याकाळपर्यंत रबर, प्लग सगळं नवं बसवून त्यांनी गाडी सुरू केली, बॉनेटवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "झाली का एकसारखी?"

मी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले.

"दोन वर्षं झाली वहिनी," ते म्हणाले. "कानात दिवसरात्र चक्कीच चालू असते. कानाचं यंत्र आणलं, त्यात सगळंच ओरडते. माणसं तर माझ्याशी कधीचीच बोलत नव्हती. या गाड्या तेवढ्या बोलत होत्या."

"मी आहे ना! हाक मारत जा," मी ओरडून सांगितलं.

ते हसले. "दुसऱ्याच्या कानानं मिस्त्री नाही होता येत."

महिन्याभरात आपली हत्यारं देऊन टाकून ते मुलीकडे गेले. शेडमध्ये आता कोणी पाण्याचे जार ठेवतं.

गेल्या आठवड्यात मी न राहवून फोन लावला. माझं नाव दिसलं असणार, कारण उचलताच म्हणाले, "वहिनी! बऱ्या आहात ना?" मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी नात शाळेत जाते, ऊन फार आहे, सगळं सांगून टाकलं. मग थांबले. माझी पाळी म्हणून थांबले, रीतीप्रमाणे. त्यांना एक अक्षर ऐकू येणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच धीर झाला.

"मिस्त्री," मी म्हटलं, "तुम्ही गेल्यापासून मला करमत नाही हो. दुपार जाता जात नाही."



"हो हो," ते मोठ्याने म्हणाले, "झालं ना माझं जेवण," आणि त्यांनी फोन ठेवला.