गोड आवाजाचा बंदोबस्त

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळात मी 'माईकवाले काका'. गेली तीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमात हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून मी मिक्सर सांभाळतो. त्यावर प्रत्येक माईकची आणि वाद्याची एकेक सरकती पट्टी असते. ती वर नेली की आवाज वाढतो, पार खाली आणली की मरतो. पुण्याहून आलेल्या कलाकाराची पट्टी वर आणि स्थानिक कलाकाराची जरा खाली, हा आमचा अलिखित नियम आहे. पुणेकराला अडीच तास मिळतात, आमच्याच स्कारबरोच्या कलाकाराला चहाच्या आधीची आठ मिनिटं. त्या आठ मिनिटांतही निम्मी मंडळी चहाची रांग कुठून सुरू होणार याचा अंदाज घेत असतात.

गेल्या फेब्रुवारीत ती आठ मिनिटं आमच्या बेसमेंटला मिळाली.

बेसमेंटमध्ये तीन वर्षांपासून एक मुलगी भाड्याने राहते. दिवसा ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते आणि शनिवारी दुपारी आमच्या घर तापवणाऱ्या फरनेसशेजारी गिटार वाजवून गाते. तिच्या बँडमध्ये आणखी दोघं आहेत. एकजण सिटी बस चालवतो, तो बास गिटार वाजवतो. दुसरी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, ती ड्रम्स बडवते. तिघंही कृष्णवर्णीय, म्हणजे मंडळाच्या भाषेत 'ते लोक'. वाजवतात ते पंक रॉक आणि सोल यांचं मिश्रण. माझ्या अल्पमतीप्रमाणे सोल म्हणजे चर्चच्या भजनातून उठून प्रेमात पडलेलं गाणं, आणि पंक म्हणजे भांडण अर्धवट टाकून वाजवायला बसलेल्या माणसांचं. माझ्या बायकोला यातलं जास्त कळतं. शनिवारी पोळ्या लाटताना ती बेसमेंटचं दार उघडं ठेवते. मी बंद केलं की पुन्हा उघडते.

मंडळाला या बँडची आठवण होण्याचं कारण कलाप्रेम नव्हतं. शाळेचा हॉल आम्हाला फेब्रुवारीत मिळतो, म्हणून आमची संक्रांतही फेब्रुवारीत येते. त्याच महिन्यात इथे ब्लॅक हिस्टरी मंथ, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो. त्यात यंदा एक लोकप्रतिनिधी पाहुणे म्हणून येणार होते. आमचे अध्यक्ष निवृत्त डॉक्टर आहेत, रोग्याचं ऐकून घेण्याआधी औषध सांगायची सवय अजून गेलेली नाही. त्यांनी एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं आणि मला म्हणाले, तुमच्या बेसमेंटवाल्यांना आणा, सगळ्यांना सामावून घेतल्यासारखं, इन्क्लुजन होऊन जाईल.

इन्क्लुजनची पत्रिका निघाली. वर ठळक अक्षरांत सर्वांनी काळे कपडे घालून यावे अशी विनंती, आणि बरोबर तिच्याखाली बँडचा फोटो. हे आमच्या सन्मानार्थ आहे का, असं त्या मुलीने मला फार सभ्यपणे विचारलं. संक्रांतीला आम्ही काळं नेसतो, ही थंडीतली जुनी रीत आहे, हे सांगता सांगता मला घाम फुटला. ती मात्र जिन्यावर बसून पोट धरून हसली.

मग अध्यक्ष बँडला भेटायला आले. मूळचे कुठले, हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला की आम्ही आठवडाभर धुसफुसतो. तोच त्यांनी सोफ्यावर टेकताच विचारला. मुलगी म्हणाली, विंडसरची. ते म्हणाले, त्याआधी? ती म्हणाली, त्याआधीही विंडसरच. तिचे पूर्वज पलीकडच्या देशातल्या गुलामगिरीतून पळून सरहद्दीवरची नदी ओलांडून आले, तेव्हा आपली पेशवाई बुडून फार वर्षं झाली नव्हती. आमचे अध्यक्ष दर दिवाळीला 'आम्ही आलो तेव्हा इथे कोथिंबीरसुद्धा मिळत नव्हती' हे भाषण करतात. त्या दिवशी ते भाषण राहिलं. मग त्यांनी विचारलं, तुमचा काही पारंपरिक पोशाख आहे का? बसवाला म्हणाला, आहे की, बस कंपनीचं जॅकेट.

एवढं होऊनही ती मुलगी यायला तयार झाली, ती तिच्या आईसाठी. आई विंडसरला चर्चमध्ये गाते. लेकीची गिटार तिला अजिबात पसंत नाही. शिवाय तिने उभ्या जन्मात बारमध्ये पाऊल टाकलेलं नाही, आणि बँडचे कार्यक्रम बारमध्येच होतात. त्यामुळे लेकीला बँडबरोबर तिने कधी ऐकलंच नव्हतं. आमचा कार्यक्रम शाळेत, भरदुपारी, दारूचा थेंब नाही आणि वर जेवण. आई यायला कबूल झाली.

बँड एकच गाणं वाजवणार होता. पहिला भाग संथ, चर्चच्या चालीवरचा. दुसऱ्या भागात शब्दच नाहीत, ठेक्यावर फक्त गिटार. "पहिला भाग आईचा आहे, दुसरा माझा," मुलगी मला म्हणाली. "काका, बाकी काहीही करा, पण गिटार कमी करू नका." काका म्हणायला तिला माझ्या बायकोने शिकवलं आहे. मी म्हणालो, माझ्यावर सोड.

कार्यक्रमाला आई दुसऱ्या रांगेत बसली होती, डोक्यावर जांभळी हॅट. काळ्या साड्यांच्या त्या हॉलमध्ये तेवढीच एक रंगीत. अध्यक्षांच्या आग्रहावरून बँडने मोठे अँप्लिफायर घरीच ठेवले होते, गिटार थेट माझ्या मिक्सरला जोडली होती. म्हणजे मी जेवढं सोडेन तेवढंच लोकांना ऐकू येणार. तिच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून तिला मात्र स्वतःची गिटार पूर्ण ऐकू येत होती.

पहिला भाग झाला तेव्हा हॉलमध्ये चहाचाही विचार कुणाच्या मनात नव्हता. मग तिने गिटारवर हात मारला. पुढच्या रांगेतल्या एका वहिनींनी कानांवर पदर घेतला. याच वहिनी गणपतीत शेजारच्या ब्रॅम्पटन गावातल्या बंद जिममध्ये चाळीस ढोलांसमोर नाचतात, तेव्हा त्यांच्या कानांना काही होत नाही. ढोल परंपरा असते, गिटार गोंगाट असतो. अध्यक्ष माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "पाहुणे बसलेत. संक्रांत आहे, जरा गोड होऊ दे."

ते 'जरा' म्हणाले होते. गिटारला शून्यावर मी नेलं.

का नेलं, याची मला लाज वाटते म्हणून सांगतो. स्कारबरोला येण्याआधी मी विंडसरच्याच एका कारखान्यात अठरा वर्षं काढली. तिथे फोरमन जवळ आला की मी आवाज कमी करायचो, डबा खिडकीशी नेऊन खायचो, आणि याला घरी आल्यावर सुसंस्कृतपणा म्हणायचो. खांद्यावर हात पडला की माझं बोट आपोआप खाली जातं. त्या दिवशी पट्टी दुसऱ्याची होती, एवढाच फरक.

दोन मिनिटं ती मुलगी डोळे मिटून, मान झटकत, जीव तोडून वाजवत होती आणि हॉलमध्ये फक्त बास आणि ड्रम्सचा ठेका येत होता. लोकांना वाटलं, ठेका टाळ्यांसाठीच आहे. त्यांनी भजनाला द्याव्यात तशा टाळ्या दिल्या. पाहुण्यांनीही दिल्या. तिला वाटलं, आपल्या गिटारला टाळ्या पडताहेत. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

चहाच्या वेळी आई माझ्याकडे आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. लेकीने तो कर्कशपणा सोडावा म्हणून ती कित्येक वर्षं प्रार्थना करत होती, आज देवाने ऐकलं, असं म्हणाली. लेक तेवढ्यात येऊन पोचली, तिला शेवटचं 'देवाने ऐकलं' एवढंच ऐकू आलं. तिला वाटलं, आईला अखेर आपली गिटार आवडली. मी दोघींच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि केबल गुंडाळायच्या निमित्ताने पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने फोनवर काढलेला, गिटार ऐकूच न येणारा व्हिडिओ खाली नेऊन मुलीला दाखवला. थोड्या वेळाने मुलगी वर आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फ्रिजवर आईचा नंबर लिहिलेला कागद लावला.

"काका, तुम्हीच तिला सांगा," ती म्हणाली, आणि खाली गेली.

मी तीन दिवस फ्रिज उघडला की दुसरीकडे बघत होतो. चौथ्या दिवशी बायकोने स्वतः नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मी पट्टीपासून शून्यापर्यंत सगळं सांगितलं.

"तिचा हात दिसत होता मला," आई म्हणाली. "आवाज येईना, तेव्हा आधी वाटलं माझाच कान गेला, मग वाटलं तिनेच हळू केली. मी देवाचे आभारसुद्धा मानले."

मी हसलो. ती हसली नाही.

"तिची गिटार मला आवडत नाही. पण न आवडायलाही ती ऐकू यावी लागते. त्यासाठी मी बर्फातून चार तास गाडी चालवत आले होते. मला तिच्यापासून वाचवणारे तुम्ही कोण?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती: अध्यक्ष, पाहुणे, संक्रांत. ती बाजूला ठेवली. मी माफी मागितली. तिने विचारलं, पुढचा कार्यक्रम कधी आहे. मला माहीत नव्हतं. बेसमेंटचं दार उघडून मी ओरडून विचारलं, आणि खालून उत्तर आलं, शुक्रवारी, डाउनटाउनच्या एका बारमध्ये. मी तसंच्या तसं सांगितलं.

जन्मभर ज्या दारात आईने पाऊल ठेवलं नव्हतं, तिथे आता तिला माझ्या करणीमुळे जावं लागणार होतं, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"पार्किंग कुठे असतं," ती म्हणाली, "तेवढं तिला विचारून सांगा."