दक्षिणेकडून आलेलं सैन्य

अश्लेषा पुण्यात शाळेत मराठी शिकवायची. नवऱ्याच्या नोकरीपायी सिंगापूरला आली आणि वर्गात विद्यार्थिनी उरली एकच, तिची लेक. शिवांगी शाळेतून आली, की बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून अश्लेषा एक जाडजूड, जुनं इंग्रजी पुस्तक उघडायची. त्यात राजे, चेटकिणी, बोलणारे घोडे. वाचायची मात्र मराठीतून, जागच्या जागी भाषांतर करत.

शत्रूचं सैन्य यायचं दक्षिणेकडच्या उष्ण मुलखातून, हत्तींवर बसून, वाकड्या तलवारी घेऊन. काळेकुट्ट आणि क्रूर, असं छापलेलं होतं. ते शब्द पहिल्यांदा आले, तेव्हा बापाच्या रंगावर गेलेली शिवांगी बिस्किटासाठी आपला सावळा हात पुढे करत होती. अश्लेषानं न अडखळता वाचलं, "हिरवेगार, शिंगं असलेले." तीन वर्षं ते सैन्य हिरवंच राहिलं.

यंदा मराठी कुटुंबांच्या वाचन-मंडळानं त्याच पुस्तकाचं नाटक घेतलं. बसवणारी प्रणिता, दादरची. तिनं गोऱ्यापान आर्यनला राजा केलं, शिवांगीला शत्रूचा सेनापती. सैन्यात मुकुल आणि राधिका.

"बरंय, या तिघांना मेकअप लागणार नाही," प्रणिता हसत म्हणाली. अश्लेषाही हसली, सवयीनं.

घरी येऊन शिवांगीनं स्वतःच पुस्तक काढलं.

"आई, इथे ग्रीन कुठेय?"

"अगं, तू लहान होतीस..."

"यू ब्लफ मी, लाह," शिवांगी सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "फसवलंस मला. पुस्तकात आम्हाला हिरवं केलंस, आणि रविवारी मला डाळीचं पीठ लावतेस. रंग उजळायला."

पिठाचा डबा ओट्यावरच होता. अश्लेषानं उगाच तो आत ठेवला.

"प्रणिताला कळवते, तू नाटकात नाहीस."

"नको. मी जाणार."

"जाऊन काय करणार? तुला एक वाक्य नाही. यायचं आणि मरायचं."

"ते बघू."

शनिवारी तालीम. पालक भिंतीशी खुर्च्या टाकून बसले होते. आर्यननं पुठ्ठ्याची तलवार शिवांगीच्या पोटाला लावली. शिवांगी उभीच.

"पड ना गं," प्रणिता म्हणाली.

"आधी सांग मावशी, आम्ही इतक्या लांबून का आलो? यांच्याशी आमचं भांडण काय?"

"ते पुस्तकात नाहीये."

"मग मी मरत नाही."

मरून पडलेले मुकुल आणि राधिका उठून बसले.

"आंटी, मी आता काय करू?" आर्यननं विचारलं.

"थांब जरा. अश्लेषा, सांग बाई लेकीला. जुनं पुस्तक आहे, इतकं काय मनावर घ्यायचं? पोरं आपलीच आहेत सगळी."

सगळ्या खुर्च्या वळल्या. शिवांगी आईकडे बघत होती. आई या खेपेला काय वाचते, एवढंच तिला पाहायचं होतं.

अश्लेषा उठली. पिशवीतून पुस्तक काढून तिनं तो परिच्छेद वाचला. मराठीतून, काळेकुट्टपासून क्रूरपर्यंत, एक शब्द न गाळता. मग सैन्याच्या जागी उभ्या केलेल्या तिन्ही मुलांकडे पाहून पुन्हा एकदा वाचला. आर्यनची आई खाली बघू लागली.

"हे असं लिहिलंय," अश्लेषा म्हणाली. "मी तीन वर्षं लपवलं, ती माझी चूक. पोरगी विचारतेय ते रास्त आहे. उत्तर मिळेपर्यंत ती पडणार नाही."

"मग नाटक संपवायचं कसं?"

"ते तू बघ. बसवतेयस तू."

शिवांगीनं दोन बोटांनी पुठ्ठ्याची तलवार पोटापासून बाजूला सारली.