गोष्टीत मेलेल्या आया

धुळ्याच्या एका शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून मी रुजू झाले, तेव्हा बी.एड.चा निकाल नुकताच लागला होता. साठचं दशक सरत आलं होतं. मी पाचोऱ्याची. धुळ्यात माझी थोरली बहीण दिलेली होती, म्हणून तिच्याकडेच राहायचं ठरलं. तिला मी अक्का म्हणायची.

मला नववीचा वर्ग मिळाला, मुलगे-मुली एकत्र. मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "व्याकरण पक्कं करून घ्या. निबंधाचं काय, गाइडातून पाठ करतात मुलं."

ते 'पाठ करतात' माझ्या डोक्यातून जाईना. चौदा-पंधरा वर्षांची पोरं ही! त्यांच्या पोटात दिवसभर काय काय उसळत असेल, आणि कागदावर उतरतं ते गाइडातलं? मी ठरवूनच टाकलं, या वर्गाला मनातलं लिहायला शिकवायचं. आता ते कसं शिकवायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण तेव्हा वयच असं होतं की त्याची काळजी वाटली नाही. मी वर्गात गेले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल अशी गोष्ट लिहा.'

वर्ग खाली मान घालून असा काही लिहायला लागला की मी हरखून गेले. घंटा झाली तरी कोणी उठेना. कागदांचा गठ्ठा छातीशी धरून मी जवळजवळ पळतच घरी आले.

अक्का भाकरी थापत होती. मी तिच्याशेजारी पाटावर बसून वाचायला लागले. पहिली गोष्ट मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलाची होती. आई तापाने फणफणली आहे, बाहेर वारा सुटला आहे, दिवा फडफडतो आहे. आई म्हणते, "बाळा, शिकून मोठा हो," आणि दिवा विझतो. माझे डोळे खरंच भरून आले. मी दहापैकी आठ मार्क दिले.

दुसऱ्या गोष्टीतही आई गेली. तिथेही दिवा विझला. तिसरीत आई विहिरीत पडली, चौथीत बैलगाडीखाली सापडली. मग मी भराभर कागद उलटत गेले. आई, आई, आई! एका पठ्ठ्याने तर आईला पहिल्या पानावर विषमज्वराने मारलं होतं, आणि ते विसरून शेवटच्या पानावर तिला पुन्हा सर्पदंश करवला होता.

"अगं, रडतेस का हसतेस तू?" अक्काने विचारलं.

मी तिला वाचून दाखवलं. तिच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीच्या कडेवर पडली. "एकीला तरी जिवंत ठेवलंय का गं तुझ्या वर्गाने?" ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी कागद परत दिले आणि जाहीर केलं, "आजपासून या वर्गात कोणाची आई मरणार नाही."

वर्ग गोंधळला. पुढच्या बाकावर दोन वेण्यांची एक चुणचुणीत मुलगी बसायची, वकिलांच्या घरची. तिने हात वर केला. "मग बाई, वडील चालतील?"

"वडील नाहीत. आजी-आजोबासुद्धा नाहीत."

"म्हैस?" मागून कोणीतरी विचारलं.

"म्हैसही जगली पाहिजे!"

"मग रडू कसं येणार, बाई?" दोन वेण्यांच्या मुलीने अगदी मनापासून विचारलं. ती थट्टा करत नव्हती. मी नुसतंच फळ्यावर सगळ्यांच्या गोष्टींतली वाक्यं लिहिली : 'दुःखाचा डोंगर कोसळला', 'डोळ्यांतून गंगा-यमुना वाहू लागल्या', 'आनंदाला पारावार उरला नाही'. मग डस्टरने पुसून टाकली. "ही वाक्यं आता सुटीवर गेली," म्हटलं. मुलं हसली. पण पुढे काय, हे त्यांनाही कळेना आणि मलाही.

त्याच आठवड्यात, दुपारच्या तासाला, वर्गाच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. उंच, उन्हाने रापलेल्या, दोन्ही हात कमरेवर.

"मराठीन्या बाई तुम्हीच का?"

"हो, मीच."

"या पोऱ्यानी माले कागदवर मारी टाकं, आनि तुम्ही त्याले आठ मार्क दिन्हात! मी तर जित्ती शे ना!"

सगळा वर्ग फिस्सकन हसला. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. तो अबोल मुलगा दिसेना. बाकाखाली वाकून काहीतरी शोधत होता.

त्याच्या आई तेलाच्या गिरणीत शेंगा निवडायला जात असत. पोराला आठ मार्क मिळाले म्हणताच त्याने ती गोष्ट गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवली होती. झालं काय, तर त्याच्या धाकट्या बहिणीने हंबरडा फोडला. दोन दिवस ती आईच्या पायांना मिठी मारून बसली होती, कामावर जाऊ देईना. तिला कसंबसं शेजारणीकडे सोडून माउली तडक शाळेत आल्या होत्या.

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. पाणी पिऊन त्यांनी वर्गावर नजर फिरवली. "बठ्ठा वर्गन्या आया मरेल शेतस का?"

"जवळजवळ सगळ्याच, मावशी," मी म्हटलं.

त्या खळखळून हसल्या. वर्गही पुन्हा हसला, पण आता वेगळं हसू होतं. मग त्या उठल्या, निघून गेल्या. मुलगा अजून बाकाखालीच होता.

आणि त्या घटकेला माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. आत्ता या खोलीत किती काय घडून गेलं होतं! भीती, लाज, राग, माया, सगळं हवेत तरंगत होतं, आणि कोणी मेलं नव्हतं!

"पुस्तकं मिटा," मी ओरडलेच. "कागद काढा. आत्ता काय झालं ते लिहा. पण 'लाज वाटली', 'वाईट वाटलं', 'मजा आली' हे शब्द वापरायचे नाहीत. तुमच्या पोटात काय झालं? हात कुठे होते? नजर कुठे होती? तेवढंच लिहा."

माझा आवाज चढला होता आणि खडूचे दोन तुकडे झाले होते. मुलंही चपापून लिहायला लागली. तो मुलगा बाकाखालून वर आला आणि सगळ्यात शेवटी त्याने पेन उघडलं. तास संपताना त्याने कागद उलटा करून माझ्या टेबलावर ठेवला. मी तिथेच वाचला. आज शब्दन् शब्द आठवत नाही, पण साधारण असं होतं :

'आई दारात आली तेव्हा मी बाकाखाली पेन शोधत होतो. पेन माझ्या खिशातच होतं. खालून मला तिचे पायच दिसले. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो तिने सुतळीने बांधला होता. सुतळी कोणाला दिसू नये म्हणून मी बघत राहिलो. सगळे हसले तेव्हा सगळ्यांना मारावंसं वाटलं. मग आईपण हसली. मग कोणाला मारायचं तेच कळेना. ती गेली तेव्हा तिच्यामागे पळत जायचं होतं. पाय हलले नाहीत.'

"वर्गात वाचू का?" मी हळूच विचारलं. त्याने खांदे उडवले. "नाव नका सांगू, बाई."

नाव सांगायची गरजच नव्हती. मी वाचलं. मघाशी हसलेल्यांपैकी कोणी वर बघेना. मग दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं, "बाई, असं खरं खरं लिहिलं तरी चालतं?"

"तेच तर चालतं!"

पुढचे दिवस कसे गेले मला सांगता येत नाही, इतके ते धावत गेले. मधल्या सुटीत मुलं लिहीत. मला जिन्यात गाठून कागद देत. दोन वेण्यांच्या मुलीने लिहिलं की भाऊ अभ्यास करतो म्हणून त्याच्या मित्रांचा चहा ती करते, परवा तिने कपबश्या इतक्या हळू, इतक्या हळू ठेवल्या, की त्या हळू ठेवण्यानेच आई घाबरून विचारायला आली, "काय झालं गं?" राग हा शब्द कुठेच नव्हता, आणि मला कपबश्यांची भीती वाटली! धान्याच्या पेढीवाल्या मारवाडी घरातला एक मुलगा होता. त्याने लिहिलं की उन्हाळ्यात शाळेतून आल्यावर तो मुगाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसून उभा राहतो. आत गार असतं. वडील ओरडेपर्यंत तो हात काढत नाही. एवढंच. मी अक्काला ते वाचून दाखवलं तर ती उठली, डब्यात होते नव्हते तेवढे मूग परातीत ओतून हात घालून बसली.

वर्गातला गलका ऐकून एकदा मुख्याध्यापक आले. "काय चाललंय? गाइड कुठे आहे?" मी त्यांच्या हातात मुगाचा कागद दिला. त्यांनी चष्मा वर करून वाचला, परत वाचला. "आमच्याकडे तुरीचं पोतं होतं," असं काहीतरी पुटपुटले, मग खाकरले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. तास संपेपर्यंत उठले नाहीत.

म्हणून मी धीर करून त्यांना विचारलं, "सर, एका शनिवारी शाळा सुटल्यावर आयांना बोलवू का? मुलं त्यांच्यापुढे वाचतील."

"आयांना? तक्रारीशिवाय कशाला बोलवायचं?" ते म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

मुलं आधी घाबरली, मग इतकी पेटली की विचारू नका. कोणी सतरंज्या आणल्या, कोणी घरून माठ आणला. आणि आया आल्या! गोल पातळातल्या, नऊवारीतल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, एक तर कडेवर तान्हं घेऊन. कपबश्यांच्या गोष्टीला सगळ्या बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. वकिलीणबाई ऐकताना आपल्या हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होत्या, मोडत होत्या.

त्या अबोल मुलाची पाळी आली. त्याने कागद खिशात कोंबला. "बाई, मी नाही वाचत."

त्याची आई पुढेच बसली होती. "वाच. माले आयकनं शे."

तो माझ्याकडे बघायला लागला. शाळेत सगळ्यांपुढे पोराला आपली लाज वाटली, हे ऐकून या बाईंना काय वाटेल? पण मी मान हलवली. त्याने वाचलं. बाकाखालचं, खिशातल्या पेनचं, सुतळीचंही. एक शब्द गाळला नाही.

मग त्याची आई म्हणाली, "चप्पल तुटेल व्हती, ते खरं शे. पन लुगडं नवं व्हतं. शाळाम्हा येनं म्हनीसन नेसनू व्हतू. ते का बरं नई लिखं?"

मुलगा गडबडला. "मी वर बघितलंच नव्हतं."

"मंग आते देख."

ती तेच लुगडं नेसून आली होती. हिरवं, बारीक काठाचं. त्याने पाहिलं, आणि पाहतच राहिला. मग तिथेच उभ्या उभ्या खिशातून पेन काढून, गुडघ्यावर कागद धरून तो खरडू लागला. सगळ्या बायका हसल्या, काही डोळे पुसत होत्या, आणि मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

मग बायकांनाच तोंड फुटलं. एकीने लग्नानंतर पहिल्यांदा पहूरहून धुळ्याला येताना एसटीत कशी घट्ट डोळे मिटून बसली होती ते सांगितलं. दुसरी म्हणाली, हे तर काहीच नाही! मुलं कागद काढून घाईघाईने उतरवून घेऊ लागली. "थांब, आई, सावकाश सांग!" शिपाई किल्ल्या वाजवत दोनदा येऊन गेला. शेवटी मुख्याध्यापकच त्याला म्हणाले, "राहू दे रे जरा."

सोमवारी मी शाळेत पोचले तर अर्धा वर्ग पायऱ्यांवर बसलेला. "बाई, आधी माझं!" "नाही बाई, माझं!" पर्स खाली ठेवायलाही उसंत नव्हती.

पुढच्या वर्षी आम्हाला आठवड्यातला एक तास मनातलं लिहायला हक्काने मिळाला. त्या वर्गातून लेखक कोणी झालं नाही. तो अबोल मुलगा एसटीत कंडक्टर झाला. माझ्याकडून तिकिटाचे पैसे घेताना मात्र भलताच संकोचायचा. दोन वेण्यांची मुलगी वकील झाली. मी काही वर्षांनी लग्न होऊन जळगावला आले, तिथल्या शाळेत लागले. नवा वर्ग, नवी तोंडं, आणि मी पुन्हा म्हटलं, आज सकाळी घरात काय झालं ते लिहा. एका मुलाने पहिल्याच तासाला उभं राहून विचारलं, "बाई, शुद्धलेखनाचे मार्क कापणार का?"

"अरे," मी म्हटलं, "आधी लिही तर!"