वहिनी विसरल्या नव्हत्या

आमच्या किन्हीराजा गावात कोणी वहिनींच्या विसरण्याचा विषय काढला, की मी आजवर बोलणं सोयाबीनच्या भावावर नेत आलो. भाव निघाला की माणसं बाकी सगळं विसरतात. पण टाळून टाळून किती टाळणार? सांगूनच टाकतो.

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कॉलेजातली संशोधक मुलगी गावात आली. तिला संगणकाला वऱ्हाडी शिकवायची होती. न शिकलेल्या माणसानेही मोबाईलला आपल्या बोलीत काही विचारलं, तर मोबाईलला ते कळावं, एवढाच तिचा हट्ट. त्यासाठी लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं होतं. मी वाशीमच्या कचेरीतून निवृत्त झालेला, गल्लीत वयाने मोठा, म्हणून ती आमच्याच घरी उतरली.

अडचण अशी, की समोर मोबाईल धरला की आमचा माणूस सुधारतो. बैलाच्या सात पिढ्या उद्धरणारा शेजारी म्हणाला, "माझ्या बैलाची प्रकृती उत्तम आहे." बायका तर तोंडच उघडेनात.

"आजोबा, बायकांचं बोलणं मिळालं नाही, तर मशीनला फक्त पुरुषांचंच कळेल," मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

माझ्या थोरल्या वहिनीच्या अंगणात उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका पापड लाटायला जमत. पापडाबरोबर अख्खं गाव लाटून निघे. मी म्हणालो, "तिथं मोबाईल ठेवू."

"पण प्रत्येकीची परवानगी हवी. नकळत नाही घेता येणार."

"मी विचारतो ना."

विचारलं नाही. विचारलं असतं तर बायकाही बैलाच्या प्रकृतीवर आल्या असत्या. शिवाय आमच्याकडे सोयरीकसुद्धा घरातल्या मोठ्याने हो म्हटलं की ठरते. बाकीचे पुढे वर्षभर कुरकुरतात. "सगळ्या हो म्हणाल्या," मी सांगितलं. तिने माझ्या पांढऱ्या केसांवर विश्वास ठेवला. मोबाईल मी स्वतः पिठाच्या डब्यामागे ठेवून आलो.

काही महिन्यांनी ती यंत्र दाखवायला परत आली. ग्रामपंचायतीत गाव जमलं. कोणता नमुना ऐकवायचा, तेही मीच ठरवलं. सरपंच पुढच्याच खुर्चीवर बसले होते, आणि मला मोह आवरला नाही.

वहिनींचा आवाज घुमला, "सरपंचाची बोर अन् सरपंचाचं भाषण, दोन्ही सारखेच. आवाज लय, पाणी नाही!"

पडद्यावर अक्षरं बिनचूक उमटली. लोक हसून हसून वाकले. सरपंच मात्र मागे वळले. "वयनी, हे तुमी बोलल्या?"

"बोलली ना. पन बायाईत बोलली, यंत्रापुढं नाही. मले कोनी इचारलंच नाही."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. विचारलं नसेल, तर सगळ्या बायकांचं बोलणं पुसावं लागणार होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. गावानेही पाहिलं. मी हसत म्हणालो, "इचारलं होतं वयनी. तुमी इसरल्या." बाकीच्या बायकांना वाटलं, मोठ्या म्हणून वहिनींनाच विचारलं असेल.

वहिनी म्हणजे गावाची स्मरणशक्ती. कोणाची आजी कुठल्या गावची, कोणत्या बांधावरचा दगड कधी सरकला, सगळं त्यांना विचारायचं. त्या दिवसापासून लोक विचारेनासे झाले. "वयनीचं आता काही खरं नाही," म्हणू लागले. सुनेने कपाटाची किल्ली आपल्याकडे घेतली.

शेवटी एका दुपारी मी माफी मागायला गेलो. त्या तूर निवडत होत्या. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "भाऊजी, बरं झालं आले. तुमी इचारलं असन. मलेच ध्यानात राह्यत नाही आताशा. चारचौघांत तुमाले खोटं पाडलं, राग नका धरू."

मी म्हणालो, "नाही धरला." वर चहाही घेतला.

पुढचे पापड लाटायला वहिनी राहिल्या नाहीत. त्या मुलीला मी आता खरं कळवलं आहे. ते बोलणं ठेवायचं की पुसायचं, हे तिने त्या बायकांनाच विचारावं, माझ्यासारख्याला नव्हे. वहिनींना मात्र आता कोणी विचारू शकत नाही. त्या दुपारी मला एवढंच म्हणायचं होतं: वयनी, तुमी काहीच इसरल्या नव्हत्या. मी इचारलंच नव्हतं. मले माफ करा.