कोणत्या मंत्रालयाचा जवान

“मले एवढंच सांगा साहेब, माहा पोरगा मिल्ट्रीत होता का नाही?”

वडनेर भोलजीचे शामराव माझ्या टेबलासमोर उभे होते. शेजारी त्यांची नात प्रतीक्षा. दहावी चांगल्या मार्कांनी पास, बुलढाण्यात अकरावी सायन्सला नंबर लागलेला. राहायची सोय हवी होती. मी पायदळातून सुभेदार म्हणून रिटायर होऊन बुलढाण्यातच माजी सैनिकांच्या कल्याणाच्या ऑफिसात लागलो होतो. सैनिकांच्या मुलींच्या होस्टेलचं काम माझ्याकडे होतं.

प्रतीक्षाचे वडील सीमेवर गोळी लागून गेले. अंत्यसंस्काराला मी स्वतः सॅल्यूट केला होता. पण ते सीमा राखणाऱ्या दलात होते. वर्दी दिसली की लोकांना सगळी मिल्ट्रीच वाटते. सरकारात तसं नसतं. भूदल, नौदल आणि हवाई दल संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली. प्रतीक्षाच्या वडिलांचं दल गृह मंत्रालयाकडे. अधिकारी वेगळे, पेन्शन वेगळी, कल्याणाचं खातंही वेगळं. आमचं ऑफिस फक्त तिन्ही सेनांचं.

तरी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

“सर, एक मुलगी होस्टेलला बसवता येईल का? वडील सीमेवर गेले, पण दल गृह मंत्रालयाचं.”

“वडील एक्स-सर्व्हिसमनमध्ये येत नाहीत, सुभेदारसाहेब.”

“रिकाम्या जागेवर?”

“जागा उरली तर इतरांना देतो. यंदा आपल्याच मुली वेटिंगवर आहेत. त्यातली कोणती काढू, सांगा.”

ते मनापासून विचारत होते.

बाहेर येऊन शामरावांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“गोळी मारनाऱ्यानं इचारलं होतं काय, तू कोन्या मंत्रालयाचा म्हनून?”

माझ्या पायदळातल्या नोकरीत आमच्या शेजारच्या चौकीवर त्याच दलाची पोरं असायची. त्यांच्या लंगरमध्ये मी जेवलो होतो.

मग त्यांच्या दलाच्या वेल्फेअर ऑफिसला फोन लावला. पलीकडचा माणूस नीट बोलला. शिक्षणाला मदत मिळेल म्हणाला. होस्टेल मात्र थेट दुसऱ्या राज्यात.

“एकट्या पोरीले इतक्या दूर नाही धाडत मी,” शामराव म्हणाले.

प्रतीक्षा टेबलाजवळ आली.

“काका, कॉलेजात कोनी इचारलं तर बाबा सैनिक होते म्हनू का?”

“म्हण की. सैनिकच होते.”

“मंग होस्टेल काऊन नाही?”

शामरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघं निघाले.

दिवाळीनंतर त्यांच्या गावाजवळच्या नांदुऱ्याच्या स्टँडवर शामराव भेटले. पोरीनं काही महिने रोज बुलढाण्याचा घाट चढून-उतरून बसनं कॉलेज केलं. निम्मी प्रॅक्टिकल बुडाली. शेवटी सायन्स सोडून नांदुऱ्यातच आर्ट्‌स घेतलं.

“शिकून तर राह्यली,” ते म्हणाले, आणि बसकडे वळले.

आता कोणी वर्दीतला फोटो पुढे केला की मी नावाआधी दल विचारतो. लोकांना ते कठोर वाटतं. पण माणूस कशानं गेला, याच्या आधी तो कोणाच्या हाताखाली होता हे बघावं लागतं. निदान कोणाला उगाच बसभाडं घालून पुन्हा पुन्हा बुलढाण्याला यायला लावत नाही.