हसा की, सायेब

बिरूअण्णा माणसाचं नाव विचारण्याआधी त्याचे दात पाहायचे. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी रुजू झालो, त्या सकाळी या वॉचमननं मला फाटकावरच अडवलं. मला वाटलं, ओळखपत्र मागतील. ते म्हणाले, "हसा की, सायेब." मी गोंधळून हसलो. मान वाकडी करून त्यांनी माझं तोंड निरखलं आणि निकाल दिला, "पंचेचाळीस. जावा आत."

मी पंचेचाळीसचाच होतो. जगाला चाळीस सांगत होतो!

अण्णांचं अर्धं आयुष्य सांगोल्याकडं मेंढरं राखण्यात गेलेलं. बाजारात मेंढरू घेताना ओठ उचलायचा, दात आणि हिरडी बघायची; वय, तब्येत सगळं तिथंच कळतं. पुढं कळप मोडून ते सोलापुरात आले, पण नजर मेंढपाळाचीच राहिली.

स्वतःच्या तोंडाशी मात्र त्यांचं जुनं वैर असावं. रोज सकाळी नळापाशी आधी मिश्री, मग ब्रश. तो ब्रश म्हणजे वाळलेली काटेरी बोराटी. हात खांद्यापासून करवतीसारखा चालायचा आणि थुंकी लाल झाली की स्वारी खूश. "घान रगत चाललंय, जाऊ द्या."

"अण्णा, दात घासताय की तवा?"

"तवा घासल्याबिगर भाकरी चांगली हुती व्हय?"

मग एका मे महिन्यात सगळा कारखाना माठाला चिकटलेला असताना अण्णा पाण्याची बाटली उन्हात ठेवून कोमट करून प्यायला लागले. कडक भाकरी दाताखाली कडाकडा मोडणारा हा माणूस ती आमटीत बुडवून गिळू लागला. हसणं बंद. बोलताना तोंडावर टॉवेलचं टोक. "काय अण्णा, नवी नवरी झालात काय?" मी विचारलं. ते टॉवेलचं टोक आणखी घट्ट धरून फाटकाकडं वळले.

थोड्याच दिवसांत कारखान्यात दाततपासणीचं शिबिर भरलं. मी त्यांना ढकलतच नेलं. लेकीच्या वयाच्या डॉक्टरबाईंनी टॉवेल बाजूला केला.

"आजोबा, हिरड्या दातांवरून मागं सरकल्यात. मुळं उघडी पडलीत, म्हणून गार पाणी झोंबतं."

"पर म्या तर लई जोर लावून घासतुया की!"

"तेच तर! तो जोर आणि ती मिश्री. शिवाय दातांच्या बुडाशी कीटण साचलंय. गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. उरलेली राखू."

अण्णांनी टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळूच म्हणाले, "बाई, मला ठावं हाय. आरशात बघितलंय म्या. मेंढराचं दात असं लांब दिसाया लागलं, फटी पडल्या, की म्या ते ठिवत न्हवतो. चरता येत न्हाय, मग ठिवून काय? कसायाला इकायचं."

मला नवरीची चेष्टा आठवली आणि मी स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसलो.

"आम्ही विकत नाही, आजोबा," बाई म्हणाल्या. "राखतो."

कीटण काढलं, मऊ ब्रश आला. मिश्रीची डबी अण्णांनी माझ्या खणात ठेवली. "म्या मागितली तरी द्यायची न्हाय!" आणि दिवसातून तीनदा स्वतःच मागायला हजर. एकदा मी जागेवर नसताना त्यांनी ती पळवली आणि चिमूट तोंडात टाकली. मी आत शेंगदाण्याचं कूट भरून ठेवलं होतं. "सायेब, तुमी लई हलकट हाय," ते कौतुकानं म्हणाले आणि पुन्हा कधी मागितली नाही.

सर्वांत अवघड होता तो हलका हात. तो त्यांचा त्यांनीच शोधला. एका सकाळी नळापाशी बघतो तर ब्रश दोन बोटांत, करंगळी वर! "आत्ताच जल्मलेल्या कोकराचं तोंड पुसतो तसं, सायेब. दाबलं तर जातंय ते." थुंकी पांढरी होती. थोड्या दिवसांनी भाकरीचा आवाजही परतला, उजव्या बाजूनं का होईना.

नोकरी संपवून ते सांगोल्याला परतले. मागच्या वर्षी मी गेलो, तर अंगणात एक थकलेली मेंढी बसलेली. अण्णा तिला भिजवलेला भरडा हातानं भरवत होते. मी वाकून तिचा ओठ उचलला. समोर एकही दात नव्हता.

"ही विकली नाही, अण्णा?"

भरड्याचा हात धोतराला पुसत ते म्हणाले, "मला कुनी इकलं का?"

मी मेंढीचा ओठ सोडला. तेवढ्यात त्यांची मान वाकडी झाली.

"हसा की, सायेब."

मी हसलो. ते निरखत राहिले. "डाव्या अंगाला हिरडी सरकायलीया. उजवा हात लई जोरात चालतुय तुमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनपाशी बायकोनं विचारलं, "करंगळी का वर केलीय?"

"कोकरू आहे," मी म्हणालो.