सोमवारचा बाजार

लोणावळ्याच्या खाली, पुण्याकडे येताना एक लहानसं स्टेशन लागायचं. तिथे मी तिकीटबाबू होतो. गावकरी मला मास्तर म्हणत आणि मी ते खोडून काढत नसे. दिवसात मोजक्या गाड्या. उरलेल्या वेळात माणूस काय करील? मी विचार करी. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

लोणावळ्याचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. जुनी माणसं सांगत की तिथे पूर्वी रान होतं. मग घाटासाठी जादा इंजिन जोडायला गाडी थांबू लागली. गाडी थांबली की माणसाला चहा लागतो. चहावाला आला की त्याची दाढी करायला न्हावी येतो, न्हाव्यामागून शिंपी, शिंप्यामागून वाणी, आणि एक दिवस कुणी शेठ हवा खायला येतो आणि बंगला बांधून बसतो. झालं शहर! गाड्या तर माझ्याही स्टेशनात थांबत होत्या. दोन मिनिटं का होईना, थांबत होत्या. मग आमच्याच गावाला काय धाड भरली होती?

जुन्या मालपावतीच्या पाठीवर मी सगळ्या गावांची उतरंड काढली. तळाला मुंबईचा रांजण, त्यावर पुणे, मग तळेगाव-लोणावळ्यासारखी गावं, आणि अगदी वर आमचं गाव, बोळक्याएवढं. मधल्यांकडे आहे आणि आमच्याकडे नाही असं काय, याचा मी तीन दिवस शोध घेतला. उत्तर सापडलं : आठवडे बाजार. बाजार भरला की गाव वाढणार, गाव वाढलं की बाजार वाढणार. पुढचं आपोआप.

हे मी पहिल्यांदा सांगितलं ते स्टेशनामागे राहणाऱ्या कुंभारीण मावशीला. तिचं गाढव गेल्या पावसाळ्यात मेलं होतं. तेव्हापासून दोन स्टेशनं पलीकडच्या मोठ्या बाजाराला माल नेणं तिला जमेना. एकदा रेल्वेनं पाठवला, तर हमालांनी तो असा उतरवला की खापऱ्याच हाती आल्या. डोक्यावर नेऊन नेऊन बाई किती नेणार? दारात बाजार भरतोय म्हटल्यावर तिचे डोळे चमकले.

"खरंच भरंल व्हय, मास्तर?"

"मावशी, तुम्ही आवा लावा. मोठा लावा!"

तिनं लावला. घरातल्या सगळ्या मातीची मडकी घडवली आणि ती भाजायला सगळ्या शेणी, सगळं सरपण त्यात घातलं. आकिती, म्हणजे नवं मडकं पुजायची अक्षय्य तृतीया, आठ-दहा दिवसांवर होती, आणि आकितीनंतर मडक्याला कुणी विचारत नाही. जे खपायचं ते त्याआधीच.

राहिला वार. आसपासच्या गावांचे बाजार मी मांडून पाहिले तर सहा दिवस वाटले गेलेले आणि सोमवार मोकळा! इतका सोन्यासारखा वार आजवर कुणालाच दिसला नाही, याची मला गंमत वाटली. लोकांची कीव आली म्हणा ना. पाटलांना जाऊन सांगितलं. ते पान लावत होते. "सोमवारी?" म्हणाले. मी त्यांना लोणावळ्याची हकिकत, चहावाल्यापासून शेठपर्यंत, सविस्तर सांगितली. त्यांनी पान तोंडात घातलं आणि म्हणाले, "बरं, बघू." मावळात 'बघू' म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी चार गावांत दवंडी पिटवली.

सोमवार उजाडला. स्टेशनासमोरचं पटांगण मी स्वतः झाडून घेतलं होतं. मावशीनं मडकी, डेरे, रांजण असे रचले की लांबून किल्ल्यासारखे दिसावेत. शेजारी एक मणेर बांगड्या घेऊन बसला. एक म्हातारी मिरच्यांची पाटी घेऊन आली. बस्स. शेजारच्या इंदुरी गावचा कांदा नाही, भाजी नाही, धान्य नाही, एक बैलगाडी म्हणून नाही. पायी आलेल्या बायका पटांगणाच्या कडेला थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि "भाजी बी न्हाई" म्हणत आल्या तशा परतल्या. नुसत्या मडक्यासाठी कोण थांबतंय? दुपारपर्यंत मावशीचं एक मडकं गेलं. ते मी घेतलं.

तणतणत पाटलांकडे गेलो. गोठ्यात बैल निवांत रवंथ करत होते.

"गाड्या का नाही आल्या?"

"सोमवारी बैल जुपत न्हाईत, मास्तर. म्हादेवाचा वार. ह्या पट्ट्यात कुनीच जुपत न्हाई."

दर सोमवारी ते बैल मला बसलेले दिसत. मी तो गावाचा आळस समजत होतो! "मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी सांगत हुता."

मी पटांगणात परतलो. मावशी त्या किल्ल्यापाशी बसून होती. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुमी म्हनला आवा लावा, म्या लावला," एवढंच ती म्हणाली. "आता ह्येचं काय करायचं, त्ये बी तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणजे त्या मोठ्या बाजाराचा दिवस. खऱ्या स्टेशनमास्तरांनी कपाळावर हात मारत मला रजा दिली. गार्डाच्या डब्यात पेंढा पसरून मी एकेक मडकं हातानं ठेवलं. गार्ड म्हणाला, "हे काय बाबू, रुखवत कुणाचं?" दोन्ही स्टेशनं मी एक रांजण कवटाळून उकिडवा बसलो होतो.

आणि तो बाजार! माझ्याकडे न आलेला झाडून सगळा मावळ तिथे होता. गाड्यांमागे गाड्या लागलेल्या. कांदेवाला ओरडला, "मास्तर, तुमचा बाजार कवा भरतुया?" मी मान खाली घालून मडकी वाजवून दाखवत राहिलो. कांदा घ्यायला आलेली बाई मडकं घेऊन जाई, मडक्याला आलेली कांदा घेऊन. ही साधी गोष्ट माझ्या मालपावतीवर कुठेच लिहिलेली नव्हती.

दुपारी आमच्याच गावच्या पाटलीणबाई आल्या. पारखून त्यांनी शेवटची दोन मडकी उचलली. माझा संयम सुटला.

"अहो बाई, हीच मडकी काल तुमच्या दारापासून चाळीस पावलांवर होती!"

"व्हय की," त्या म्हणाल्या, "पर काल बाजार कुटं हुता?"

वर आणखी, त्यांचे हात भाजीनं भरलेले, म्हणून दोन्ही मडकी गाडीतून मीच धरून न्यावीत असं ठरलं. कुणी ठरवलं कोण जाणे. संध्याकाळच्या गाडीत दोन मांड्यांवर दोन मडकी घेऊन मी बसलो. समोर मावशी रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर ऐसपैस बसली होती. गाडीनं हिसका दिला तशी ती ओरडली, "नीट धरा, मास्तर! फुटलं तर बदली द्याला दुसरं न्हाई. समदी खपली!"